मॉनिटर ४के, तरी माउस का अडखळतो?

लॅपटॉपला नवा ४के मॉनिटर जोडला त्या दिवशी पहिली पाच मिनिटं मी नुसती अक्षरं बघत बसले होते. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर देवनागरीचे फार हाल होतात. 'सर्वांत' हा शब्दच घ्या. 'वा'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात, आणि माझ्या जुन्या मॉनिटरवर तिथे एक काळा डाग दिसायचा. 'ष्ट' आणि 'ष्ठ' ओळखायला पुढचं-मागचं वाचावं लागायचं. नव्या पडद्यावर रफाराची वळलेली रेघ वेगळी, टिंब वेगळं, दोघांच्या मध्ये पांढरी फट. दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला त्या फटीची किंमत कळते.

मग मी माउस हलवला. बाण सरकण्याऐवजी ठेचकाळत पुढे जात होता. खिडकी ओढली की ती हाताच्या मागे राहायची. मला वाटलं, लॅपटॉपला एवढा मोठा पडदा झेपत नाहीये. ब्राउझरचे टॅब बंद केले, ड्रायव्हर नवा टाकला, लॅपटॉप चारदा बंद-चालू केला. तीन दिवस असेच गेले. शेवटी लक्षात आलं की मॉनिटरही ठीक आहे आणि लॅपटॉपही ठीक आहे. अडचण त्या दोघांच्या मधल्या रस्त्यात आहे. मॉनिटर घेताना आपण काचेबद्दल सगळं विचारतो आणि या रस्त्याबद्दल काहीच विचारत नाही, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच रस्त्याबद्दल आहे.

आधी थोडं गणित करू. ४के पडदा म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण ८२,९४,४००. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० असतात. ४केमध्ये बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला साधारण २४ बिट लागतात: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ८. आणि हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचं असतं. सगळ्यांचा गुणाकार केला की सेकंदाला जवळजवळ १२ अब्ज बिट होतात, म्हणजे १२ गिगाबिट. शिवाय दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मध्ये थोडा मोकळा वेळ सोडावा लागतो. मॉनिटर जोडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय. तो वेळ धरून डिस्प्लेपोर्टला पावणेतेरा गिगाबिटच्या आसपास लागतात आणि एचडीएमआयच्या ठरीव पद्धतीत १४.२६.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण प्रत्येक तार, प्रत्येक सॉकेट आणि मधली प्रत्येक डबी याच आकड्याशी ताडून बघायची आहे.

२००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ची क्षमता कागदावर १०.२ गिगाबिट आहे. त्यातला पाचवा हिस्सा माहिती सुखरूप पोचवण्याच्या सांकेतिक पद्धतीत खर्च होतो, कारण ८ बिट पाठवायला १० बिट वापरले जातात. चित्राच्या वाट्याला ८.१६ उरतात. म्हणजे ४केचं ६० वेळांचं चित्र यातून जाणारच नाही, पण ३० वेळांचं आरामात जाईल. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.०मध्ये १८ गिगाबिट आहेत आणि त्यातले वापरता येतात १४.४. वरचा १४.२६चा आकडा यात जेमतेम बसतो. डिस्प्लेपोर्ट १.२ त्याच्याही आधीचं, २०१० सालचं. तरी त्यात वापरता येण्याजोगे १७.२८ गिगाबिट आहेत. एकाच लॅपटॉपला दोन्ही सॉकेट असतील तर मी डोळे मिटून डिस्प्लेपोर्ट निवडते, त्याचं कारण हेच.

गंमत अशी की रस्ता अरुंद असला तरी लॅपटॉप तक्रार करत नाही. तार लावली की मॉनिटर आपली ओळख पाठवतो: माझ्यावर इतके ठिपके आहेत, मला इतके वेग चालतात. लॅपटॉप ती यादी बघतो, मधल्या रस्त्याला काय झेपतं ते बघतो आणि दोघांना जमेल असा पर्याय गुपचूप निवडतो. ४के ६० जमत नसेल तर ४के ३० निवडतो. पडद्यावर कसलाही इशारा येत नाही. ६०च्या वेगाला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, ३०च्या वेगाला दर ३३.३ मिलिसेकंदांनी. स्थिर पान वाचताना हा फरक दिसत नाही, पण हात हलला की लगेच जाणवतो. माझा माउस ठेचकाळत होता तो यामुळे.

खात्री करायला एकच जागा बघायची. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि तिथे खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. वर मॉनिटर निवडा. त्याखाली किती ठिपके चालू आहेत, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने येतं) किती, प्रत्येक रंगाला किती बिट आणि रंग कुठल्या पद्धतीने जातोय हे चारही लिहिलेलं असतं. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये रिफ्रेश रेट दिसतो. माझ्याकडे तिथे ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, असं लिहिलेलं होतं. तीन दिवसांचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

आता ते ३० का होतं, ते सांगते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

माझ्या लॅपटॉपला यूएसबी-सी सॉकेट आहे. त्यात मी एक छोटा हब लावला होता: एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला पेनड्राइव्ह आणि कीबोर्डसाठी यूएसबी, कार्ड वाचायची फट. डब्यावर '४के' असं ठसठशीत छापलेलं होतं. ते खोटं नव्हतं, फक्त पुढचा '३० हर्ट्झ' हा तपशील बारीक टायपात मागच्या बाजूला होता.

यूएसबी-सीच्या त्या इवल्याशा तोंडात वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. त्यांना लेन म्हणतात. चारही लेन चित्राला दिल्या तर डिस्प्लेपोर्टची पूर्ण क्षमता मिळते. पण हबला पेनड्राइव्हसाठी वेगवान यूएसबीसुद्धा द्यायची असते आणि तिला दोन लेन लागतात. मग चित्राला उरतात दोनच. डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने दोन लेनमधून जातात ८.६४ गिगाबिट. आपल्याला हवे होते पावणेतेरा. झालं, चित्र ३०वर आलं. मी हबमध्ये पेनड्राइव्ह लावला होता की नव्हता याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लेनची वाटणी हबच्या रचनेतच ठरलेली असते.

यातून बाहेर पडायचे रस्ते तीन. पहिला सगळ्यात सोपा: हब मधून काढायचा आणि यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ तार लावायची. चारही लेन चित्राला मिळतात. मी हेच केलं आणि त्याच क्षणी बाण पाण्यासारखा वाहायला लागला. दुसरा रस्ता असा की लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४चे हवेत. २०१६ सालच्या या आवृत्तीत प्रत्येक लेनचा वेग १.२च्या दीडपट आहे, त्यामुळे दोन लेनमधूनही १२.९६ गिगाबिट जातात. ४के ६० त्यात अगदी काठोकाठ बसतं आणि वेगवान यूएसबीही चालू राहते. दोघांपैकी एक जरी १.२चा असला तरी हे जमत नाही, म्हणून हब घेताना डब्यावरचं '४के' बघू नका, '४के ६० हर्ट्झ' असं लिहिलंय का ते बघा आणि लॅपटॉपच्या तपशिलात डिस्प्लेपोर्ट १.४ आहे का तेही बघा. तिसरा रस्ता थंडरबोल्ट ३ किंवा ४च्या डॉकचा. थंडरबोल्ट ही यूएसबी-सीच्याच तोंडातून चालणारी जास्त वेगवान जोडणी आणि डॉक म्हणजे टेबलावर ठेवायचा मोठा हब. तिथे ४० गिगाबिटपर्यंतचा रस्ता असतो, त्यामुळे एका ४के मॉनिटरसाठी लेनच्या वाटणीचा प्रश्न सहसा येत नाही. पण त्यासाठी लॅपटॉपच्या सॉकेटलाही थंडरबोल्ट असावं लागतं. सॉकेटशेजारी वीज कडाडल्यासारखं बाणाचं चिन्ह असतं ते त्याचं.

मॉनिटरलाच यूएसबी-सी सॉकेट असेल तर ही वाटणी मॉनिटरच्या आत होते. काही मॉनिटरच्या मेनूत यासाठी पर्याय दिलेला असतो: चित्राला प्राधान्य की डेटाच्या वेगाला. चित्राला प्राधान्य दिलं की मॉनिटरच्या मागची यूएसबी सॉकेट २.०च्या जुन्या वेगाने चालतात. कीबोर्ड-माउस बंद पडतील अशी भीती नको, कारण यूएसबी २.०साठी त्या तोंडात वेगळ्या तारा असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. फक्त मोठ्या फाइली उतरवणारी हार्ड डिस्क तिथे लावू नका, ती थेट लॅपटॉपला लावा.

तारेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. यूएसबी-सीच्या सगळ्या तारा दिसायला सारख्या, पण आतून सारख्या नसतात. चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच तारांमध्ये वीज आणि यूएसबी २.० एवढंच असतं; चित्र नेणाऱ्या जोड्या आत बसवलेल्याच नसतात. अशी तार लावली की लॅपटॉप चार्ज होतो आणि मॉनिटर काळाच राहतो. लोक मॉनिटर बिघडला म्हणून परत करतात, आणि दोष तारेचा असतो. मॉनिटरच्या खोक्यातून आलेली तार वेगळी खूण करून ठेवा. एचडीएमआयच्या तारेवर आवृत्तीचा नंबर शोधण्यापेक्षा वेगाचं लेबल शोधा: 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ गिगाबिट, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. मॉनिटर मधूनच सेकंदभर काळा होऊन परत येत असेल तर सगळ्यात आधी तार बदलून बघा, आणि लांब असेल तर आखूड घ्या.

लॅपटॉपचं एचडीएमआय सॉकेटही तपासून घ्यायला हवं. २०१८-१९पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते १.४चंच होतं, त्याच लॅपटॉपचं यूएसबी-सी सॉकेट मात्र ४के ६० देऊ शकायचं. आणि उलटं, काही लॅपटॉपच्या यूएसबी-सी सॉकेटमधून चित्र येतच नाही, ते फक्त डेटा आणि चार्जिंगसाठी असतं. आकार बघून हे कळत नाही. मॉडेलचा तपशील उघडून 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधावा लागतो.

कधी कधी अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० हर्ट्झ दिसतं, माउसही छान चालतो, पण अक्षरं मात्र मळकट वाटतात. अशा वेळी रंगाची ओळ वाचा. तिथे आरजीबी किंवा ४:४:४ असेल तर ठीक. ४:२:० असेल तर लॅपटॉपने एक तडजोड केलेली आहे: उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा पाठवला, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. माहिती निम्मी होते आणि अरुंद रस्त्यातूनही ६०चा वेग मिळतो. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण व्हिडिओ बहुतेक याच पद्धतीने साठवलेले असतात. पण अक्षराची रेघ एक-दोन ठिपक्यांची असते. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहून बघा. कडा पसरलेल्या दिसल्या तर दुखणं हेच. वाचन-लेखनासाठी पडदा घेतला असेल तर ही तडजोड अजिबात मान्य करू नका.

रस्ता मोकळा झाला की दुसरा प्रश्न उभा राहतो: सगळं इतकं बारीक का दिसतंय?

२७ इंची ४के पडद्यावर एका इंचात १६३ ठिपके बसतात. २४ इंची फुल एचडीवर ९२. कॉम्प्युटरच्या जगात अक्षरांची मापं इंचाला ९६ ठिपके धरून ठरली, त्यामुळे स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं करून दाखवायचं ते प्रमाण, १०० टक्के ठेवलं तर नव्या पडद्यावर अक्षर जवळजवळ निम्म्या उंचीचं दिसतं. मग आपण स्केलिंग १५० टक्के करतो. आता हिशेब बघा: ३८४० भागिले दीड म्हणजे २५६०, २१६० भागिले दीड म्हणजे १४४०. म्हणजे खिडक्या मांडायला जागा मिळाली ती २५६० गुणिले १४४०च्या साध्या मॉनिटरएवढीच. मग पैसे कशाचे दिले? धारेचे. तेच अक्षर, तेवढ्याच आकारात, पण सव्वादोनपट ठिपक्यांनी कोरलेलं. ४के घेऊन 'जागा काही वाढली नाही' म्हणून हिरमुसलेली माणसं मी पाहिली आहेत. मोठ्या पडद्याने जागा मिळते, दाट पडद्याने धार मिळते. आधी आपल्याला दोहोंतलं काय हवंय ते ठरवावं. आकड्यांचं मोठं कोष्टक एका नजरेत हवं असेल तर ३२ इंची ४के घ्या. तिथे इंचाला १३८ ठिपके येतात आणि बऱ्याच जणांना १२५ टक्के पुरतं. दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर माझं मत २७ इंचाला.

ही धार डोळ्याला खरंच कळते का? निरोगी नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखते. ६० सेंटिमीटरवरून बघताना ते होतं सुमारे ०.१७ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडीचा एक ठिपका ०.२८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे डोळ्याला पायऱ्या दिसतात. २७ इंची ४केचा ठिपका ०.१६ मिलिमीटरचा. तो त्या मर्यादेच्या किंचित आत आला, आणि म्हणूनच 'सर्वांत'वरचा डाग सुटून रफार आणि अनुस्वार वेगळे झाले. पडदा मीटरभर लांब भिंतीवर लावणार असाल तर हा फायदा बराचसा हातचा जातो.

लॅपटॉपचा पडदा आणि मॉनिटर दोन्ही वापरणाऱ्यांसाठी एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला १५७ ठिपके असतात, २७ इंची ४केच्या अगदी जवळ. दोन्हीकडे १५० टक्के ठेवलं की खिडकी इकडून तिकडे ओढताना अक्षराचा आकार बदलत नाही. घनता वेगवेगळी असली की खिडकी सीमा ओलांडताना एकदम फुगते किंवा आक्रसते. काही जुने प्रोग्रॅम तर दुसऱ्या पडद्यावर गेल्यावर धूसरच होतात, कारण त्यांना पडदा बदलल्याचं कळत नाही. ते जुन्या मापाने चित्र काढतात आणि विंडोज ते चित्र ताणून मोठं करतं. अशा प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, मग हाय डीपीआय सेटिंग्ज उघडा आणि तिथले पर्याय एकेक करून बघा. कधी धूसरपणा जातो, कधी अक्षरं फारच बारीक होतात. मॉनिटर जोडल्यावर एकदा साइन आउट करून परत आत आलं तरी अर्धे प्रोग्रॅम ताळ्यावर येतात.

मॅकची पद्धत वेगळी आहे. २७ इंची ४केवर '२५६० गुणिले १४४०सारखं दिसणारं' माप निवडलं की मॅक आतल्या आत त्याच्या दुप्पट, म्हणजे ५१२० गुणिले २८८०चं चित्र काढतो आणि ते ३८४० गुणिले २१६०मध्ये दाबून बसवतो. त्यामुळे एका ठिपक्याच्या रेघा किंचित मऊ होतात आणि ग्राफिक्सला जास्त काम पडतं. बहुतेकांना खुपत नाही. ज्यांना खुपतं ते २७ इंची ५के घेतात, कारण त्याचे ठिपके नेमके ५१२० गुणिले २८८० असतात आणि काही दाबावं लागत नाही. मॅकबुक घेतलेल्यांनी आणखी एक तपासावं: एम१ आणि एम२च्या साध्या चिपवरच्या मॅकबुकला बाहेरचा एकच मॉनिटर थेट जोडता येतो.

एकाच यूएसबी-सी तारेतून चित्र, डेटा आणि चार्जिंग तिन्ही मिळणं ही फार मोठी सोय आहे. टेबलावर बसलं, एक तार लावली, काम सुरू. फक्त वॉट जुळवून घ्या. मॉनिटर ६५ वॉट देत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर १०० वॉटचा असेल तर जड काम करताना, तार लावलेली असूनही, बॅटरी हळूहळू उतरू शकते. साध्या कामात असं होत नाही. ६० वॉटच्या वर जायचं तर तारही त्या ताकदीची लागते.

लॅपटॉप मिटवून वापरायचा असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर 'काहीच करू नका' हा पर्याय निवडावा लागतो, आणि मॅकला चार्जर, बाहेरचा कीबोर्ड व माउस जोडलेले हवेत. मिटलेला लॅपटॉप उभा ठेवा, हवा जाण्याच्या फटी मोकळ्या ठेवा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, आणि अंतर हाताएवढं. मान दुखायला लागली की सगळी धार वाया जाते.

आणि आत्ता तुमच्याकडे ३० हर्ट्झच येतंय, योग्य तार यायला दोन दिवस आहेत, अशी वेळ असेल तर? नुसतं वाचायचं असेल तर ४के ३०वरच राहा. पण दिवसभर खिडक्या ओढायच्या, माउसने रेघा मारायच्या, तर तोवर २५६० गुणिले १४४० निवडा. त्याला सहा गिगाबिटही पुरतात, त्यामुळे एचडीएमआय १.४मधूनही ६०चा वेग मिळतो. अक्षरं थोडी पुसट दिसतील, हात मात्र अडखळणार नाही. तार आली की अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, परत ३८४० गुणिले २१६० निवडा आणि खालच्या ओळीत ६० आलेत का ते स्वतः वाचून घ्या, कारण लॅपटॉप आपणहून सांगणार नाही.